हरकतीचा अर्ज

अलिबागच्या कचेरीसमोर बदामाच्या झाडाखाली बसून बापू पेंडशांनी तीस वर्षं लोकांची भांडणं सुवाच्य अक्षरात लिहून दिली. या धंदेवाल्याला अर्जनवीस म्हणतात. ज्याला भांडता येतं पण लिहिता येत नाही, त्यानं बापूंच्या पेटीसमोर उकिडवं बसावं आणि मनात असेल ते ओकावं. बापू त्यातल्या शिव्या गाळत, आवेश ठेवत, आणि "अर्जदार अत्यंत नम्रपणे निवेदन करतो की" अशी सुरुवात करून समोरच्याची सालटी काढत. हा नम्रपणा अर्जापुरता असे. नागावच्या घरी तो कोणाच्या पाहण्यात नव्हता.

धंद्यात मात्र माणूस सोवळा. आलेल्याला परत लावायचं नाही. हातात घेतलेला अर्ज उरकून टाकायचा नाही, मग तो बांधावरच्या फणसाचा असो की चुलतभावानं बळकावलेल्या विहिरीचा. आणि मुदत चुकवायची नाही. तीस वर्षांत आपल्या हातून एकही तारीख हुकली नाही, हे बापू विचारल्याशिवाय सांगत आणि ज्यांना आधी सांगितलंय त्यांनाही सांगत.

लोक सकाळी वर्तमानपत्र वाचतात, बापू कचेरीच्या भिंतीवरचा नोटिसांचा फळा वाचत. सन अठ्ठावन्नची गोष्ट. गणपती होऊन गेल्यावरच्या एका गुरुवारी फळ्यावर एक ताजी नोटीस दिसली. नव्या कायद्याप्रमाणे, भटजीवाचून लग्न करू पाहणाऱ्या एका जोडप्याची. कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांच्या आत कळवावी. बापूंना आधी वाटलं, अक्षर चांगलं आहे. मग वाटलं, ओळखीचं आहे. मग त्यांनी नावं वाचली. वर: यज्ञेश्वर त्र्यंबक पेंडसे. त्र्यंबक म्हणजे स्वतः बापू. वधू: सिपोरा रूबेन आवासकर, धर्म यहुदी, राहणार नागाव.

मुलाला छडी घेऊन वळणदार अक्षर शिकवलं, याचा बापूंना आयुष्यात पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

खरं म्हणजे साऱ्या नागावला हे दोन वर्षांपासून ठाऊक होतं. यज्ञेश्वर अलिबागच्या एका शाळेत कारकून आणि सिपोरा त्याच शाळेत गणित शिकवायला. दोघं सकाळच्या दुसऱ्या एस.टी.नं जात. यज्ञेश्वर आधी चढे आणि शेजारच्या जागेवर छत्री ठेवून बसे, भर चैत्रातसुद्धा. सिपोरा चढली की छत्री उचलली जाई. कंडक्टरनं, मास्तरांनी, भाजीवाल्या सखुबाईनं, सगळ्यांनी त्या छत्रीचा अर्थ लावला होता. बापू पहिल्या गाडीनं जात, म्हणून तेवढे राहिले.

आता हे आवासकर कोण, तर नागावचे शेवटचे घाणेवाले. या लोकांना सगळा मुलूख शनवार तेली म्हणतो, कारण शनिवारी यांच्या धर्मात काम वर्ज्य, म्हणून घाणा बंद. शुक्रवारी सूर्य बुडाला की रूबेनचा बैल सुटे, तो शनिवारी सूर्य बुडेपर्यंत जुंपला जात नसे. एका दिवाळीत नेमकं शनिवारी पेंडशांच्या घरातलं खोबरेल संपलं. बापू स्वतः बरणी घेऊन गेले, नेहमीचा आवाज लावून पाहिला. रूबेन ओटीवर पांढऱ्या टोपीत शांत बसला होता. म्हणाला, "बापू, मी ऐकलं आसतं, पन माजा बैल न्हाय ऐकायचा." तेव्हापासून पेंडशांकडे शुक्रवारी तेल आणून ठेवायची पद्धत पडली.

म्हणजे पेंडशांच्या देवापुढची समई वीस वर्षं याच घाण्याच्या तेलावर जळत होती. गोदावरीबाईंना तेल चालत होतं. तेली उंबऱ्याच्या बाहेर चालत होता. तेल्याची मुलगी सून म्हणून चालेल का, असं कोणी विचारलं नव्हतं, ते आता सरकारनं विचारलं होतं, आणि उत्तराला तीस दिवस दिले होते.

"पितृपक्षात नोटीस लावली?" गोदावरीबाईंचा पहिला प्रश्न हा होता. बाटायचं तर निदान चांगल्या पंधरवड्यात बाटावं, असा त्यांचा आग्रह असावा. मग त्या रडल्या, मग त्यांनी जेवण सोडलं, मग यज्ञेश्वरनंही सोडलं, तेव्हा त्याच्यासाठी म्हणून त्यांनी परत धरलं. तिकडे आवासकरांच्या घरी हन्नाबाईंनी, म्हणजे सिपोराच्या आईनं, तेवढ्याच जोरात ऊर बडवला. "भटांच्यात द्यायची? मूर्तीपुढं डोकं टेकनाऱ्यांत? आमचं रक्त किती जुनं हाय ठाऊक हाय का त्यास्नी?" पेंडसेही आपलं रक्त फार जुनं असल्याचं धरून होते. दोन्ही बायकांची लुगडी नऊवारी, दोघींच्या गळ्यात काळे मणी, दोघींच्या वाटणात सारखाच ओला नारळ. पण भांडायचंच ठरल्यावर असल्या गोष्टींची आठवण कशाला काढायची? गोदावरीबाईंनी घाण्याला खोबरं पाठवणं बंद केलं. हन्नाबाईंनी पेंडशांची तेलाची बरणी घासूनपुसून परत केली, म्हणजे त्यात पेंडशांचं काही राहू नये.

नवस मात्र दोघींनी बोलले. गोदावरीबाईंनी लग्न मोडलं तर मारुतीला एकवीस नारळ कबूल केले, आणि देवाला घाई कळावी म्हणून पाच आधीच फोडले. हन्नाबाईंनी एलियाहू नबी या आपल्या प्रेषिताला मलिदा बोलला. गोड पोहे, गूळ, फळं आणि किसलेलं खोबरं. त्याचे नारळ कोणीतरी पेंडशांच्याच वाडीतून गुपचूप आणून दिले. एकाच वाडीचे नारळ एकाच मागणीसाठी दोन दरबारांत गेले. तिथं त्यांचा काय निकाल लागला ते पुढं दिसेलच.

बापूंनी मात्र रडारड केली नाही. त्यांनी कायद्याचं पुस्तक काढलं. हरकत घ्यायची, लग्न मोडायचं, आणि तेही अशा अर्जानं की कुलाबा जिल्ह्यात त्याची नक्कल फिरावी. रात्रीच्या जेवणाला यज्ञेश्वरला त्यांनी तसं सांगितलंही. यज्ञेश्वर भित्रा मुलगा; वडिलांशी बोलताना नेहमी ताटाकडे बघे. त्या दिवशीही ताटाकडेच बघत म्हणाला, "घ्या हरकत, तुमचा हक्क आहे. तिच्या घरचे दिवाळीनंतर कायमचे इस्रायलला चाललेत. लग्न झालं नाही तर तिला जावं लागेल. मग मीही या घरात राहणार नाही."

एकुलता एक मुलगा, आणि त्याला कधी आवाज चढवता आला नव्हता. न चढवता बोलला म्हणून बापूंना ते खरं वाटलं.

नोटिशीच्या चौथ्या आठवड्यात बापूंची पहिली गाडी चुकली. आयुष्यात पहिल्यांदा ते दुसरीत चढले, तर यज्ञेश्वरच्या शेजारी छत्री. बापूंना बघून पोरगा एवढा गडबडला की त्यानं छत्री उचलली आणि स्वतःच उठून मागं जाऊन उभा राहिला. बापू बसले. पुढच्या थांब्यावर सिपोरा चढली. क्षणभर थांबली आणि सरळ बापूंच्या शेजारी येऊन बसली. मांडीवर वह्यांचा गठ्ठा.

"बापू, माझे वडील हरकत घेणार आहेत," ती म्हणाली.

"मग घेऊ देत. मला कशाला सांगतेस?"

"त्यांना अर्ज लिहिता येत नाही. मी सांगितलंय, लिहायचाच तर बापूंकडून लिहून घ्या."

बापूंनी चष्म्यावरून पाहिलं. "मी वराचा बाप आहे, हे तुला माहीत आहे ना?"

"हो. पण आलेल्या माणसाला तुम्ही परत लावत नाही म्हणतात."

बापूंना राग आला, आणि मुलगी गणित शिकवते हे पटलं.

रविवारी सकाळी रूबेन आला. डोक्याला टोपी, हातात कोरा कागद. तोही सोबत आणला होता, उगाच उपकार नकोत. ओटीच्या पायरीखाली उभा राहिला. पाहुण्याला पाणी द्यायचं तर कोणत्या भांड्यातून, हा गोदावरीबाईंपुढचा पेच. आणि घ्यायचं तर कोणाच्या हातचं, हा रूबेनपुढचा. यावर कोकणात देवानंच तोड काढून ठेवली आहे. गड्यानं शहाळं काढून दिलं. ना भांडं, ना विटाळ, दोन्ही धर्म वाचले.

"बसा, आवासकर," बापूंनी पेटी उघडली. धंद्याचा आवाज लागला. "कायद्यात हरकतीला चार कारणं आहेत. दोघांपैकी कोणाचं आधी लग्न झालंय?"

"न्हाय."

"वय कमी आहे?"

"न्हाय हो. पोरगी चोवीस पुरी."

"जवळचं नातं?"

या प्रश्नाला रूबेननं शहाळं तोंडाला लावलं.

"मग राहिलं एकच. वर वेडा आहे."

रूबेन शहाळ्यात बघत म्हणाला, "पोरगा तसा बरा हाय, बापू."

"असा अर्ज होत नसतो! गिऱ्हाईकच असं मिळमिळीत बोलू लागलं तर मी काय लिहू? दोष सांगा."

रूबेनला दोष सुचेनात. बापूंना अर्धवट अर्ज सहन होत नसे. तेव्हा नाइलाजानं ते स्वतःच सांगू लागले आणि स्वतःच लिहू लागले. वर बालपणापासून भित्रा. मॅट्रिकला दोनदा बसला. रेवसच्या लाँचमध्ये पाय ठेवताच ओकतो. कोरड्या दिवसात छत्री बाळगतो, यावरून त्याच्या बुद्धीविषयी साधार शंका येते. बोरू धावू लागला. रूबेन नुसता माना डोलावत होता. "वराच्या घराविषयी काही?" बापूंनी विचारलं. "ते तुमीच लिवा, तुमाला ठाऊक," रूबेन म्हणाला. मग बापूंनी तेही लिहिलं. वराचा पिता हेकट, तोंडाळ, स्वतःच्या हुशारीवर खूश; घरात त्याच्यापुढे कोणाला बोलता येत नाही; मुलाच्या मनात काय आहे हे सबंध एस.टी.ला कळल्यानंतर दोन वर्षांनी त्याला भिंतीवर वाचावं लागलं. अशा घरात अर्जदाराची सुशिक्षित कन्या सुखी होणे असंभव.

इतका सरस अर्ज बापूंनी पूर्वी लिहिला नव्हता. ते लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवू लागले. पितृदोषाचा परिच्छेदही त्यांनी पुरा वाचला.

"वेडा?" दाराआडून गोदावरीबाई बाहेरच आल्या. "माझ्या यगूला वेडा लिहिताय? तोही स्वतःच्या हातानं?"

"अगं, कायदा..."

"आग लागो कायद्याला! वेड्यानं निवडली असती का अशी मुलगी? बी. ए. झालेली, पगार आणणारी, कोणाला उलटून बोललेली नाही. साऱ्या नागावात तिच्यासारखी आहे का दाखवा! वेडा म्हणे!"

एवढं बोलून त्या थांबल्या. आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या ध्यानात आलं, तेव्हा पदर सावरून त्या आत गेल्या आणि बराच वेळ उगाच भांडी वाजवत राहिल्या.

रूबेन हसला नाही. शहाळं बाजूला ठेवून म्हणाला, "बापू, यातलं कायबी लिवू नका. खरं कारण येगळंच हाय."

"सांगा."

"आमी चाललो. हन्नाचे भाऊ सगले तिकडं गेले, घाण्याला आता कोन इचारत न्हाय. कागद आलेत. लगीन झालं तर पोरगी हितंच ऱ्हानार. मी साठीचा. तितनं परत यायला मला कुटलं जमनार? मला माजी पोर पुन्ना दिसायची न्हाय. येवडंच कारण हाय. लिवा ते."

बापूंनी बोरू खाली ठेवला. तीस वर्षांत त्यांनी फणसाचं लिहिलं होतं, विहिरीचं लिहिलं होतं, मेलेल्या म्हशीचं लिहिलं होतं.

"हे कायद्यात बसत नाही, आवासकर," ते म्हणाले.

"न्हाय ना बसत," रूबेन म्हणाला. "मला वाटलंच."

वाडीत रहाट कुरकुरत होता. समोरचा माणूस आपल्यासारखाच एकुलतं एक पोर धरून ठेवायला धडपडतोय, हे बापूंना कळत होतं. त्यातलं एकच कोणाचं तरी राहणार, हेही कळत होतं. आपल्याला आपलंच हवं आहे, याची त्यांना लाज वाटली, पण हवं ते हवंच होतं.

"वेडेपणाचाच राहू दे," शेवटी ते म्हणाले. "चौकशी होईपर्यंत लग्न तरी थांबेल. तेवढ्यात तुमची जायची तारीख येते." त्यांनी बोटांवर दिवस मोजले, जरी त्यांना मोजायची गरज नव्हती. "पक्की नक्कल करायला हवी. शनिवारी या कचेरीत. शेवटचा दिवस आहे, पण साहेब दुपारपर्यंत असतात."

एका पानाच्या नकलेला बापूंना कधी पाऊण तासापेक्षा जास्त लागला नव्हता. सोमवार होता, मंगळवार होता, शुक्रवारपर्यंत पाच दिवस होते.

"शनवारी," रूबेन म्हणाला.

"हो."

रूबेननं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग उठला. "बरं. शनवारी."

शुक्रवारी संध्याकाळीच तो अलिबागच्या इस्रायल आळीत मेव्हणीकडे मुक्कामाला गेला, म्हणजे शनिवारी गाडीत बसावं लागू नये. सकाळी त्यांच्या मशिदीत, म्हणजे सिनेगॉगमध्ये, प्रार्थना करून तसाच चालत कचेरीत आला. पांढरे कपडे, पांढरी टोपी, मोकळे हात. साहेब नवे होते, देशावरचे. शनवार तेली हा शब्द त्यांनी ऐकलेला नव्हता. त्यांनी बापूंनी पुढं केलेला अर्ज वाचला, "वा!" म्हणाले, आणि दौत पुढं सरकवली. "करा सही."

"आज न्हाय करता येत, साहेब. शनवार हाय."

"म्हणजे?"

"आज आमी लिवत न्हाय."

"मग अंगठा लावा."

"आज अंगठा बी माजा न्हाय. सोमवारी बोलवा, धाच्या धा बोटं लावतो."

"सोमवारी मुदत गेलेली असेल!" साहेब वैतागले. "अहो पेंडसे, तुम्ही एवढे जुने, यांना शेवटच्या दिवशी का आणलंत?"

रूबेननंच उत्तर दिलं. "त्यांची चूक न्हाय. तारखा मला बी मोजता येतात, साहेब."

बापूंनी मान वळवली. रूबेन त्यांच्याकडे बघत नव्हता. दौतीकडे बघत होता. रविवारपासून त्याला सगळं समजलं होतं. आपल्या हातानं पोरगी सोडायचं त्याच्यानं होईना, म्हणून त्यानं ते शनिवारवर सोपवलं होतं.

"बरं, तुमची स्वतःची हरकत आहे ना?" साहेबांनी बापूंना विचारलं. "तीही द्या." बापूंच्या कोटाच्या खिशात त्यांचाही अर्ज होता, बारा वेळा खोडलेला, फक्त सही राहिलेला.

"आज माझा मारुतीचा उपास आहे," बापू म्हणाले.

"उपासाला सही चालत नाही?"

"आजपासून चालत नाही."

घड्याळात दुपार झाली, साहेबांनी कुलूप लावलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा बापू पेंडशांची तारीख हुकली. एक नाही, दोन.

लग्न पुढच्या आठवड्यात त्याच खोलीत झालं. दोन्ही आयांनी आपण मुळीच येणार नाही असं जाहीर केलं आणि वेगवेगळ्या गाड्यांनी आल्या. दोन्ही देवांनी नारळ ठेवून घेतले होते. रूबेन आणि हन्नाबाई दिवाळीनंतर रेवसहून लाँचनं मुंबईला आणि तिथून पुढं गेले. धक्क्यावर यज्ञेश्वर, लाँचमध्ये पाय न ठेवताच, ओकला. रूबेननं बैल बापूंना दिला होता, एका अटीवर. ती अट बापूंनी पाळली. पेंडशांच्या वाडीतला रहाट शनिवारी बंद असे, आणि पोफळी सुकतायत म्हणून गोदावरीबाई ओरडल्या की बापू सांगत, "मी जुंपला असता गं, पण बैल ऐकायचा नाही."

सहा वर्षांनी तिकडून हन्नाबाईंचं पत्र आलं. रूबेननं अंथरूण धरलं होतं. सिपोरानं जायचं ठरवलं. त्यासाठी परवानगीचा अर्ज हवा, तोही लवकर. शुक्रवारची संध्याकाळ होती. बापूंचा हात आता थरथरत असे. त्यांनी पेटी ओटीवर आणली आणि बसल्या बैठकीत पाऊण तासाच्याही आत अर्ज लिहिला. "प्रवासाचे कारण" या रकान्याशी थांबले. मग लिहिलं: अर्जदाराच्या वडिलांना मुलगी पाहायची आहे. नम्रपणे निवेदन वगैरे काही घातलं नाही.

"कर सही," त्यांनी कागद पुढं केला.

सिपोरा मुलाला भरवत होती. "हात खरकटा आहे, बापू. उद्या सकाळी करते."

"आत्ता. सूर्य बुडायच्या आत."

ती हसली. "अहो, मी शनिवारी शाळेत फळ्यावर लिहिते, मुलांच्या वह्या तपासते. मला कुठलं आलंय शनिवारचं?"

"तुझं तू बघ," बापू म्हणाले. "हा अर्ज त्यांचा आहे."

तिनं हात धुतले आणि सही केली. माडांमागं अजून थोडं ऊन होतं. शनिवारी पहिल्या गाडीनं बापू अलिबागला गेले, अर्ज स्वतःच्या हातानं कचेरीत दिला, आणि साहेब शिक्का मारेपर्यंत उपाशीपोटी तिथंच उभे राहिले.